माजी महिला सैनिकांचा राष्ट्रीय मेळावा: आघाडीवर न गेलेल्या ताईने तिथे जावे का?

मृण्मयी_द (प्रश्न)

माझी थोरली बहीण लग्नानंतर अमेरिकेत स्थायिक झाली आणि तेथील भूदलाच्या रसद विभागात तिने काही वर्षे नोकरी केली. सन्मानपूर्वक सेवामुक्त होऊन तिला आता बराच काळ लोटला आहे. नुकतेच तिला माजी महिला सैनिकांच्या एका राष्ट्रीय मेळाव्याचे निमंत्रण आले, परंतु ती जायला तयार नाही. "मी गोदामातल्या सामानाच्या याद्या केल्या, आघाडीवर पाऊलही ठेवले नाही, तिथे कोणत्या तोंडाने माजी सैनिक म्हणून मिरवू?" असे ती म्हणते. भाऊजींचे म्हणणे वेगळेच आहे. माजी सैनिकांच्या इतक्या संघटना असताना बायकांचा निराळा मेळावा कशाला, असे त्यांना वाटते. या दोन्ही शंकांना कोणी नीट उत्तर देऊ शकेल का? अशा मेळाव्यांतून जेवणावळी आणि भाषणे यांपलीकडे काही निष्पन्न होते का, हेही जाणून घ्यायचे आहे.

जुने_दप्तर

तुमच्या ताईंचा संकोच त्यांच्या एकट्यांचा नाही, आणि तो निर्माण करण्यात तेथील कायद्यांचाच मोठा वाटा आहे. १२ जून १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने स्त्रियांना सैन्यदलांत कायमचे स्थान दिले खरे, परंतु त्यांची संख्या एकूण बळाच्या दोन टक्क्यांपुरती मर्यादित ठेवली आणि लढाऊ विमाने व युद्धनौका त्यांच्यासाठी बंद केल्या. टक्क्यांची अट १९६७ मध्ये गेली. सर्व लढाऊ पदे खुली करण्याचा निर्णय व्हायला मात्र डिसेंबर २०१५ उजाडला. म्हणजे ज्यांना लढण्याची परवानगीच नव्हती, त्यांनी 'आम्ही कुठे लढलो?' म्हणून मागे राहायचे, असा हा उलटा न्याय आहे. तेथील कायद्यानुसार माजी सैनिक ठरण्यासाठी सक्रिय सेवा आणि अप्रतिष्ठेचा ठपका नसलेली सेवामुक्ती लागते, प्रत्यक्ष लढाई लागत नाही. पुरुषांतही असंख्य जण कचेरी, दुरुस्ती, वाहतूक आणि रसद यांतच सेवा करतात, पण त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि त्यांनाही तो पडत नाही.

मेळाव्यांतून काय निष्पन्न होते, याचे माझ्या मते सर्वांत ठळक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील 'वास्प' वैमानिकांचे आहे. १९४२ ते १९४४ या काळात हजाराहून अधिक स्त्रियांनी कारखान्यांतून तळांपर्यंत लष्करी विमाने पोहोचवली आणि तोफखान्याच्या नेमबाजीच्या सरावासाठी हवेत लक्ष्ये ओढून नेली. त्यांपैकी ३८ जणी सेवेत मरण पावल्या. तरीही त्या कागदोपत्री नागरी कर्मचारी असल्याने शवपेटीवर राष्ट्रध्वज नाही, लष्करी इतमाम नाही, आणि मृतदेह घरी नेण्याचा खर्चही नातेवाइकांच्या किंवा सहकारी मैत्रिणींच्या माथी, अशी परिस्थिती होती. डिसेंबर १९४४ मध्ये पथक विसर्जित झाले, पण या स्त्रियांनी आपापसांतील पत्रव्यवहार आणि भेटीगाठी सोडल्या नाहीत. पुढे १९७० च्या दशकात, लष्करी विमाने चालवणाऱ्या पहिल्या स्त्रिया आता घडवल्या जाणार असल्याचा गाजावाजा झाला, तेव्हा त्या संतापल्या. एकमेकींचे पत्ते हाताशी असल्यामुळेच त्या संतापाची चळवळ होऊ शकली आणि १९७७ च्या कायद्याने त्यांना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला. अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तेथील संसदेचे, सुवर्णपदक मिळायला मात्र २०१० साल यावे लागले, आणि तोवर बहुतेक जणी हयात नव्हत्या.

कागदपत्रांची बाजूही लक्षात घ्या. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील लष्करी सेवानोंदींच्या कार्यालयाला लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सेवामुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यांत होत्या. ज्यांचे कागद जळाले त्यांच्या हक्काच्या दाव्यांत, सोबत सेवा केलेल्या व्यक्तीचे लेखी निवेदन पुराव्यादाखल उपयोगी पडते. पण अशी साक्षीदार शोधायची कुठे? लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीचा माग काढणे पुरुषापेक्षा कितीतरी अवघड असते. मेळाव्यातील हजेरीपट हा अशा वेळी दस्तऐवजाइतकाच मोलाचा ठरतो.

तिठा

वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, परंतु राष्ट्रीय मेळाव्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, असे माझे मत आहे. खऱ्या आठवणी पलटणीच्या किंवा तुकडीच्या छोट्या भेटीत निघतात. राष्ट्रीय अधिवेशनाचा पुष्कळसा वेळ पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका, ठराव, हिशेब आणि मानपत्रे यांत जातो, आणि पहिल्यांदा जाणारीला तिथे परके वाटण्याचाच संभव अधिक असतो.

असे असले तरी भाऊजींच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते पिढ्यांगणिक बदलते. १९७८ पर्यंत अमेरिकी भूदलातील स्त्रियांचे 'विमेन्स आर्मी कोअर' हे स्वतंत्र दल होते. अलाबामातील फोर्ट मॅकलेलन येथे त्यांचे केंद्र होते, बराकी एकत्र होत्या आणि अधिकारीही स्त्रियाच होत्या. त्यांच्यासाठी महिलांचा मेळावा हाच पलटणीचा मेळावा असतो. ते दल विसर्जित झाल्यावर भरती झालेल्या स्त्रिया मात्र पुरुषांच्या तुकड्यांत विखुरल्या गेल्या. तुकडीच्या भेटीला गेल्यास त्या चारदोन जणीच असतात, आणि दारातच 'तुमचे यजमान कोणत्या तुकडीत होते?' हा प्रश्न ऐकावा लागतो. या दुसऱ्या पिढीला मेळाव्यात जुन्या मैत्रिणी भेटतीलच असे नाही. आपल्यासारखाच अनुभव असलेल्या अनोळखी बायका मात्र भेटतात. ताई कोणत्या पिढीतील आहेत, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट आहे. १९५१ च्या एका आदेशाचा आधार घेऊन, गरोदर राहिलेल्या किंवा अल्पवयीन मुलाची जबाबदारी असलेल्या स्त्रीला सेवेतून काढता येत असे. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. त्यामुळे जुन्या पिढीत अर्ध्यावर तुटलेल्या सेवेचा सल बाळगणाऱ्या अनेक जणी आहेत, आणि मिश्र सभेत ही गोष्ट सहसा निघत नाही.

सरिता_वाचक

मरीन दलातील स्त्रियांच्या संघटनेचे उदाहरणही येथे देण्याजोगे आहे. १९६० मध्ये डेन्व्हर येथे त्यांचे पहिले संमेलन भरले आणि पुढे दर दोन वर्षांनी निरनिराळ्या शहरांत संमेलन भरवण्याचा प्रघात पडला. शहर बदलत राहिल्यामुळे प्रवास न झेपणाऱ्या वयोवृद्ध सदस्यांनाही कधीतरी जवळचे ठिकाण लाभते. कार्यक्रमपत्रिकेत ही बाब साधी दिसते, पण वाढत्या वयाच्या संघटनेचा जीव तिच्यावरच टिकून असतो.

मृण्मयी_द

सर्वांचे आभार. ताई १९८० नंतरच्या, म्हणजे 'तिठा' यांनी सांगितलेल्या दुसऱ्या पिढीतील आहे. त्यांचा उतारा मी तिला वाचून दाखवला, तेव्हा यजमानांबद्दलच्या प्रश्नावर ती मनापासून हसली आणि हा प्रश्न तिलाही विचारला गेल्याचे तिने प्रथमच सांगितले. ती अद्याप हो म्हणालेली नाही, पण गेल्यास काय तयारी करावी, असे विचारते आहे.

जुने_दप्तर

सेवामुक्तीच्या वेळी मिळालेल्या डीडी-२१४ या दाखल्याची एक प्रत त्यांनी सोबत ठेवावी, मूळ कागद घरीच असू द्यावा. नावाच्या बिल्ल्यावर आताच्या नावासोबत सेवेतील आडनाव, तळ आणि वर्षे ठळक लिहावीत. जुन्या ओळखी त्यावरूनच निघतात. जुनी छायाचित्रे न्यायची असल्यास त्यांच्या मागे शक्य तितकी नावे आधीच लिहून ठेवावीत.

आर्लिंग्टन येथे १८ ऑक्टोबर १९९७ रोजी लोकार्पण झालेल्या महिला सैनिक स्मारकात सेवेची नोंदवही आहे. सुमारे ३० लाख स्त्रियांनी अमेरिकेची सेवा केली असे मानले जाते, पण तेथील नोंदी ३ लाखांच्या थोड्या पुढेच आहेत, कारण नाव आपोआप चढत नाही. ते स्वतः किंवा कुटुंबीयांनी द्यावे लागते. ताई मेळाव्याला जावोत वा न जावोत, ही नोंद त्यांनी जरूर करावी. त्यात सेवेतील एखादी आठवणही लिहिता येते, आणि गोदामातील याद्यांची आठवण तिथे अगदी चालेल.

तिठा

एक जोड देतो. सेवेत असताना लैंगिक अत्याचार वा छळ सोसावा लागलेल्या स्त्रियांशी बोलण्यासाठी काही मेळाव्यांत स्वतंत्र, बंद दारांआडची बैठक असते. त्यासंबंधीचे उपचार तेथील माजी सैनिक कल्याण विभागाकडून विनामूल्य मिळतात आणि त्यासाठी त्या वेळी तक्रार नोंदवलेली असण्याची अट नाही. ही माहिती ताईंच्या कामाची नसली, तरी शेजारच्या खुर्चीवरील बाईच्या कामाची असू शकते.