पहिल्यांदा ऑपरेशन जवळून पाहिलं तो दिवस : तुमचेही अनुभव लिहा

काल रविवार. मटणाच्या दुकानाबाहेर मुंडी-पाय भाजत होते. करपल्या केसांचा वास आला आणि मी थेट १५ वर्षं मागं, ऑपरेशन थिएटरात. कॉलेजच्या सुट्टीत दवाखान्यात सेवेला जायची. ट्रॉली ढकलायची, नातेवाइकांना औषधाचं दुकान दाखवायचं. एकदा सर्जन म्हणाले, "बघायचंय? हात मागं बांधून उभी राहा. हिरव्या कापडाला शिवायचं नाही." हर्निया होता. रक्त वाटलं तेवढं आलंच नाही. कॉटरी, म्हणजे रक्त थांबवायला डाग देणारी विजेची पेन्सिल, टेकली की चर्र, बारीक धूर आणि तोच वास. खाली चरबी, मक्याच्या दाण्यांसारखी पिवळी. कमरेत भूल दिलेले काका पडद्याअलीकडं जागेच. म्हणाले, "पोरी, सुरू केलं काय?" अर्धं झालं होतं. भूलतज्ज्ञ मॅडमनी मान हलवली, मी काकांचा हात धरला. शेवटपर्यंत सोडला नाही.

— मोतीबिंदू शिबिर. चीर जेमतेम २-३ मिलिमीटर! दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर आजी मला म्हणते, "हिरव्या बांगड्या घातल्यास व्हय गं?" अजून लिहिताना डोळे भरतात.

— उपाशी जाऊ नका कुणी. आणि गुडघे ताठ करून उभं राहू नका, रक्त पायात साचतं. मला घाम फुटला, कान बंद झाले. ब्रदरनी वेळेत खाली बसवलं, उपकार त्यांचे.

— सिझर. बाळ रडलं, सगळे हसले, सिस्टर मात्र रक्त टिपायचे मॉप मोजतायत. एक कमी! शिवणं थांबलं. परत मोजले. कापडाच्या घडीत निघाला. त्या सिस्टरना मी मनापासून मानते.

— मुंडी कुठं भाजून देतात? कोल्हापुरात शाहूपुरीतला आमचा नेहमीचा बंद झालाय.

— रंकाळ्याकडं या. सकाळी लवकर.

— सीपीआर हॉस्पिटलबाहेर बसून वाचतेय. उद्या आईचं पित्ताशय, दुर्बिणीतून. हात गार पडलेत.

— ताई, दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात, त्यानं नंतर खांदा दुखतो. आई खांदा दुखतोय म्हणाल्या तर घाबरू नका, फक्त सिस्टरना सांगा. मी दसरा चौकातच आहे. डबा आणू?

— डबा नको दादा. सकाळी ७ ला आत नेतील. तेवढा वेळ कुणी शेजारी बसलं तर बरं वाटेल.

— येतो.