ऑइल फिल्टर: दीडशेचा पुरे की बाराशेचाच हवा?

कोथरूडचा_ड्रायव्हर
घरी दोन गाड्या. बाबांची स्विफ्ट पेट्रोल, रोज डेक्कनपर्यंत जाऊन येणारी. माझी १.८ टर्बो पेट्रोल सेडान (कंपनीचं नाव नको, वाद भलतीकडे जातो), रीमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली), महिन्यातून एकदा ताम्हिणीत पिळली जाणारी. मागच्या आठवड्यात दोन्हींचं ऑइल बदललं. स्विफ्टला कंपनीचा साधा फिल्टर, सेडानला सिंथेटिक मीडियाचा (कागदाऐवजी कृत्रिम धाग्यांची गाळणी) महागडा. मित्र म्हणाला, "पैसे पाण्यात. डबा तो डबा!" माझं मत: रोजच्या गाडीला कंपनीचा फिल्टर डोळे मिटून लावा, टर्बोचे मात्र लाड करा. बोला.

गॅरेज_सातारा
डबा तो डबा नसतो भाऊ. जुने फिल्टर कापून बघायची मला सवय आहे. स्वस्त मालात कागदाच्या घड्या कमी आणि वाकड्यातिकड्या, पण खरी गोम रबरात असते. गाडी बंद झाली की फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू नये म्हणून आत एक रबरी व्हॉल्व्ह असतो. साधं रबर उष्णतेनं कडक होतं, मग सकाळी स्टार्टरला ऑइल वर पोचेपर्यंत दोन-तीन सेकंद खटखट. सिलिकॉनचं रबर जास्त टिकतं. तुमच्या सेडानचा फिल्टर इंजिनाच्या डोक्यावर उलटा बसत असेल तर हा व्हॉल्व्ह सगळ्यात महत्त्वाचा. फिल्टर तोंड वर करून लटकत असेल तर ऑइल तसंही आत राहतं, तिथे एवढी चिंता नको.

मायक्रॉन_ताई
व्हॉल्व्हचं पटलं, पण कागदाला एवढं हलकं लेखू नका. डब्यावर "२० मायक्रॉन" (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छापलेलं असतं आणि लोक त्यावर खूश. २० मायक्रॉनचे किती टक्के कण अडतात? ५० टक्के अडले तरी तो आकडा छापता येतो, ९९ टक्के अडले तरी. आयएसओ ४५४८-१२ ही चाचणी त्यासाठीच आहे. टक्केवारी न सांगणाऱ्या फिल्टरवर मी दीडशेही घालणार नाही आणि बाराशेही.

पाच_हजारी
एवढा काथ्याकूट कशाला? दर ५,००० किमीला ऑइल आणि फिल्टर बदला, कुठलाही लावा. इंजिन सुखी, तुम्ही सुखी.

मॅन्युअल_आधी_वाचा
@पाच_हजारी आणि तुमचा ऑइलवाला तर फारच सुखी! स्विफ्टला कंपनीच १०,००० किमी किंवा १ वर्ष म्हणते. त्याच्या निम्म्यात बदलणं म्हणजे चांगलं ऑइल गटारात. बाबांची गाडी शहरात कमीच पळते, तिथे किमी पुरे व्हायच्या आधी वर्ष संपतं. ते पाळा, बास.

पाच_हजारी
थंड इंजिनावर तीन-चार किमीच्या फेऱ्या मारून बघा. पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलात शिरते ती बाहेर पडत नाही. मॅन्युअलमध्ये सीव्हियर कंडिशनचं (कठीण वापर असेल तर ऑइल लवकर बदला, असं सांगणारं) पानही असतं, तेही वाचा की.

घाटवेडा
मी उलटं म्हणेन. ट्रॅकवर चालवणाऱ्यांनी बारीक गाळणीच्या मागे लागूच नये. जास्त आरपीएमला पंप भरपूर ऑइल ढकलतो, फिल्टरला झेपलं नाही की बायपास (फिल्टरला वळसा देणारा व्हॉल्व्ह) उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगला. म्हणून रेसिंगवाले फिल्टर प्रवाहाला महत्त्व देतात.

मायक्रॉन_ताई
@घाटवेडा बायपास तर थंडीत घट्ट ऑइलानंही उघडतो, ट्रॅकच कशाला! सिंथेटिक मीडियात बारीक गाळणं आणि प्रवाह दोन्ही साधतं, महाग पडतो तो त्यामुळे. मात्र बायपास किती दाबाला उघडावा हे इंजिनानुसार ठरतं. "मोठा डबा बसतोय" म्हणून दुसऱ्या गाडीचा चढवू नका. आटे जुळले म्हणजे दाब जुळला असं नाही.

नाशिकची_आय१०
माझा अनुभव फिल्टरच्या दर्जाचा नाहीच. गॅरेजच्या पोऱ्यानं जुना फिल्टर काढला, त्याचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं, त्यावरच नवा बसवला. पार्किंगमध्ये ऑइलचं तळं. नशीब, हायवेवर नव्हते.

गॅरेज_सातारा
@नाशिकची_आय१० ताई, बरोब्बर. नव्या रबराला ऑइलचं बोट लावायचं, टेकेपर्यंत हातानं फिरवायचं, मग डब्यावर लिहिलंय तेवढंच, बहुतेकदा पाऊण फेरा. पान्यानं आवळणारे पुढच्या वेळी काढताना रडतात. आणि डुप्लिकेट! कंपनीच्या डब्यात लोकल माल भरपूर आहे. @कोथरूडचा_ड्रायव्हर साहेब, "डोळे मिटून" तर अजिबात नको.

कोथरूडचा_ड्रायव्हर
डोळे मिटून हे शब्द मागे घेतो, स्विफ्टचा फिल्टर अधिकृत काउंटरवरूनच घेईन. टर्बोच्या लाडांवर मात्र ठाम आहे. आधीच्या स्वस्त फिल्टरवर रोज सकाळी खटखट व्हायची, आता आठवडाभर आवाज नाही. फिल्टर खरंच उलटा, डोक्यावरच आहे.

गॅरेज_सातारा
आठवडा काही नाही. रात्रभर थंडीत उभी ठेवून सकाळी बॉनेट उघडा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. आवाज टायमिंग चेनच्या बाजूनं आला तर टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) तपासून घ्या, त्यावर बाराशेचा फिल्टर काही करू शकत नाही.

कोथरूडचा_ड्रायव्हर
उद्या बाबांना स्टार्टरवर बसवतो.