पाखरांच्या लॅटिन नावांतली माणसं उकरणं हा रिकामटेकडेपणा?

जुनीवही
परवा 'तिसरीफांदी' यांनी एका फोटोखाली लिहिलं: "लॅटिन नावाच्या शेवटी 'आय' दिसला की समजावं, कुणी साहेब बंदूक घेऊन येऊन गेला. त्याची कुंडली मांडत बसणं हा निव्वळ रिकामटेकडेपणा. पाखरू बघा, पुढे चला." तिथेच उत्तर द्यायला बसलो, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

ढोकरी घ्या. आर्डिओला ग्रेयिआय. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी साइक्सने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, त्यातलं हे लॅटिन नाव. हा ग्रे कोण? ब्रिटिश म्युझियममध्ये ग्रे दोन होते, सख्खे भाऊ. धाकटा जॉर्ज रॉबर्ट पक्ष्यांतला मोठा माणूस, त्यामुळे हात आपसूक त्याच्याकडे जातो. पण १८३२ साली तो नुकता कुठे नोकरीला लागलेला. ढोकरी थोरल्या जॉन एडवर्डची. एवढ्या एका गोष्टीवरून साइक्स तेव्हा कुणाशी संबंध राखून होता ते कळतं.

आणि रानपिंगळा! पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये ब्लेविट नावाच्या साहेबाच्या नावाने बारसं केलं. पुढे माइनरट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी-पक्षीतज्ज्ञाने आपण १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळवल्याचं सांगितलं. माणसांचा माग काढणाऱ्यांनी ते कातडं तपासलं, तर निघालं काय? डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला जुना नमुना म्युझियममधून चोरून नवी चिठ्ठी लावलेली. खोटा पत्ता बाद झाला, शोध खऱ्या जागांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी सापडला. शेवटच्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी. रिकामटेकडे होते म्हणूनच ना?

तिसरीफांदी
माझ्या चार ओळींवर एवढा निबंध, धन्य झालो.

रानपिंगळ्याचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. तिथे तपासल्या त्या चिठ्ठ्या, कापूस, टाके. ब्लेविटची कुंडली कुणी मांडली नव्हती. नमुन्याची तपासणी वेगळी आणि नावामागच्या माणसाची आरती वेगळी. दोन्ही एका टोपलीत घालू नका.

आता माझं. माझे पणजोबा हाकारे होते. पाखरू पाडायचा साहेब, गुडघाभर चिखलात उतरून आणायचे ते. कुठल्याही चिठ्ठीवर त्यांचं नाव नाही. मग मी कुणाकुणाचे ग्रे आणि ब्लेविट कशाला पाठ करू?

एकटाखंड्या
+१. अमेरिकेतल्या पक्षीतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये एका पक्ष्याच्या नावातून मॅककाउनला काढून टाकलं, कारण तो पुढे गुलामगिरीवाल्यांच्या बाजूचा सेनापती झाला. आपणही सगळी साफ करावीत. जर्डनच्या धाविकापासून सुरुवात करा.

षष्ठीतत्पुरुष
खंड्याराव, वार चुकला. मॅककाउन गेला तो फक्त इंग्रजी नावातून. लॅटिन नावात तो अजून बसलेला आहे. आणि जर्डनच्या धाविकाच्या लॅटिन नावात जर्डन मुळातच नाही! बायटॉर्क्वाटस, म्हणजे गळ्यात दोन पट्टे असलेला. जे नाव तिथे नाही ते काढणार कुठून?

प्राण्यांच्या नामकरणाचा आयोग नैतिक कारणासाठी नावं बदलत नाही. एका आंधळ्या भुंगेऱ्याच्या नावात अजून हिटलर आहे, त्यावरून ओळखा.

एकटाखंड्या
वनस्पतीवाल्यांनी २०२४ मध्ये माद्रिदला मतदान करून 'काफ्रा' शिवीची दोनशेवर नावं बदललीच ना? म्हणजे मनात असेल तर होतं.

षष्ठीतत्पुरुष
होतं. वनस्पतींचं. त्यांची संहिता वेगळी.

मीपणबघते
मला या भांडणात पडायचं नव्हतं, पण एक कबुली. दहा वर्षं मी मुलांना सूर्यपक्षी दाखवताना त्याच्या लॅटिन नावातल्या 'गोल्डिएई'तला गोल्ड म्हणजे पक्ष्यांचे सचित्र ग्रंथ काढणारा जॉन गोल्ड असं ठासून सांगत होते. एकदा एका सातवीतल्या मुलीने विचारलं, "ताई, शेवटी एई आहे, म्हणजे बाई ना?" मी गप्प. पुरुषाला आय आणि बाईला एई, हे मला पाठ होतं, पण डोळ्यांना जॉनच दिसत होता.

ती जॉनची बायको एलिझाबेथ. नवऱ्याच्या ग्रंथांतली शेकडो चित्रं तिने काढली, आठव्या बाळंतपणानंतर १८४१ मध्ये गेली, सदतिसाव्या वर्षी. सूर्यपक्ष्याला तिचं नाव विगर्सने १८३१ मध्ये दिलं, ती असताना. ऑस्ट्रेलियातल्या रंगीत फिंचला नवऱ्याने दिलं, ती गेल्यावर, १८४४ मध्ये. फांदीदादा, ही 'साहेबाची कुंडली' नव्हे हो.

तिसरीफांदी
बरं. बाईंचं मान्य. पण बाकीच्या एई बघा: ह्युमिएई ह्यूमची बायको, अ‍ॅमहर्स्टिएई गव्हर्नर जनरलची बायको, लुसिएई अमेरिकी पक्षीतज्ज्ञ बेअर्डची तेरा वर्षांची लेक. घरातल्या घरात तिळगूळ वाटल्यासारखं. मोनाल पक्ष्याच्या लॅटिन नावात कलकत्त्याच्या न्यायाधीशाची बायको मेरी इंपी आली. त्या इंपीबाईंच्या पदरी चित्रं काढणारे शेख झैनुद्दीन, भवानी दास, राम दास? ते नाही आले.

जुनीवही
पण हे तुम्हाला कळलं कसं? कुणीतरी रिकामटेकड्याने नावामागचं घर उघडून बघितलं म्हणूनच ना? चिठ्ठीवर कोण नाही हे बघायलाही आधी चिठ्ठी वाचावी लागते. (रानपिंगळ्याबाबत टोपली चुकली, हे मान्य. घ्या.)

आणि 'बुगुनोरम' विसरू नका. २००६, अरुणाचल. रमणा अत्रेय यांनी नवा पक्षी न मारता, पिसं आणि फोटोंवरून वर्णिला आणि नाव दिलं बुगुन लोकांचं. साहेब नाही, बंदूक नाही.

हाकसाळी
पण पणजोबांसारख्यांची नावंही आहेत की. आपली घार: मिल्वस मायग्रन्स गोविंदा. हीसुद्धा साइक्सचीच, १८३२. हा गोविंदा त्याचा कुणी नोकर असणार. मला तर खात्रीच आहे.

षष्ठीतत्पुरुष
पुरावा?

हाकसाळी
दख्खनमध्ये गोविंदा काय कमी होते?

षष्ठीतत्पुरुष
हा पुरावा झाला? व्याकरण बघा. माणसाला अर्पण करायचं तर षष्ठी लागते. त्याच यादीत त्याच साइक्सने ग्रेला ग्रेयिआय केलं, म्हणजे षष्ठी त्याला येत होती. गोविंदाला लावली नाही, कारण गोविंदा माणूस नव्हे. देव आहे.

हाकसाळी
असं? मग कॅलिप्टे अ‍ॅना हा हमिंगबर्ड? नाव देणारा लेसन, १८२९. अ‍ॅना मासेना, रिव्होलीची डचेस, हाडामांसाची बाई. षष्ठी आहे का तिथे? नाही! तुमच्या नियमाने अ‍ॅनाही देवीच.

षष्ठीतत्पुरुष
लेसनच्या सवयीवरून साइक्सला मोजता? पंचवीस वर्षं लॅटिन शिकवलंय मी, मला नियम सांगू नका.

हाकसाळी
शिकवलं असेल. पक्षी किती बघितलेत?

मीपणबघते
अहो, धागा कशाचा, चाललंय काय!

षष्ठीतत्पुरुष
ताई, एकच. साइक्सच्या त्याच यादीत एक चंडोल आहे. त्याचं नाव 'देवा'. एकाच यादीत गोविंदा आणि देवा, दोन्ही षष्ठीशिवाय, आणि शेजारी ग्रेयिआय षष्ठीसकट. शिवाय प्रघातही होता. पिंगळा बघा, अथिने ब्रामा, टेमिंक, १८२१. ग्रीकांची अथेना आणि आपला ब्रह्मा एकाच फांदीवर. ब्रह्मदेव कुणाच्या घरी नोकरीला होता ते हाकसाळींनी सांगावं.

हाकसाळी
'देवा' माहीत नव्हतं. ठीक आहे. गोविंदा देव. पण तुमच्या षष्ठीमुळे नाही, चंडोलामुळे.

एकटाखंड्या
म्हणजे नोकर गेला तो गेलाच. शेवटी यादीत साहेबाचा दोस्त आणि देव, एवढेच.

तिसरीफांदी
हेच तर मी पहिल्यापासून ओरडतोय. पण काय हो षष्ठीशेठ, गोविंदा म्हणजे कृष्ण, हे समजलं. चंडोलाचा 'देवा' नेमका कुठला? की उंच आभाळात जाऊन गातो म्हणून नुसताच देव? साइक्सने तिथे काही लिहिलंय का?

जुनीवही
रिकामटेकडेपणा ना?

तिसरीफांदी
गप्प बसा. यादी कुठे वाचायला मिळते तेवढं सांगा.