अनुभव धागा : गोष्ट बेताची, पण डोळे निवले, असा चित्रपट तुम्ही पाहिलाय?

कोरांटी
काल दुपारी टीव्हीवर 'अवतार'चा दुसरा भाग लागला होता. लेक अर्धा तास बसला आणि म्हणाला, "आई, हे पहिल्यातलंच आहे ना? माणसं येतात, त्रास देतात, मग लढाई." आणि खेळायला पळाला. मला मात्र २००९चा डिसेंबर आठवला.

बाबांना मी पुण्यात पहिला भाग दाखवायला नेलं होतं. बाबा म्हणजे प्रत्येक गोष्टीतली भोकं शोधणारा माणूस. मध्यंतरातच कोणाचं काय चुकलं ते सांगून मोकळे व्हायचे. त्यांचा नंबर जाड, थ्रीडीचा चष्मा त्यांच्या चष्म्यावर बसेना, म्हणून एका बोटाने तो नाकाशी धरून बसलेले. पवित्र झाडाच्या त्या पांढऱ्या, झुलत्या बिया तरंगत येतात ना, तेव्हा मी सहज बाजूला पाहिलं. बाबांचा दुसरा हात हवेत होता. तळवा वर केलेला, बी अलगद त्यावर उतरावी असा. कोणी बघतंय याचं भानच नव्हतं.

रिक्षात म्हणाले, "गोष्ट शाळकरी आहे गं. पण परत बघू या."

परत पाहिला. 'कथेत दम नाही, नुसतं दृश्य' असं म्हणून लोक असा चित्रपट निकालात काढतात, तेव्हा मला तो हात आठवतो आणि वाईट वाटतं. नुसत्या दृश्यांवर 'अवतार' तुम्हाला पुरला का? तुमचे अनुभव लिहा. थिएटर, तंबू, जत्रा, काहीही चालेल.

तांबडा रस्सा
पुरला. एकदा नाही, तीनदा. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

मधली सुट्टी
मला नाही पुरला. दुसरा भाग ३ तास १२ मिनिटं. मुलं पकडली, सोडवली, परत पकडली. पाण्याखालचं जग सुंदर होतं, नाही म्हणत नाही, पण तासाभरात डोळे सरावतात आणि मग गोष्टच लागते. ताट कितीही सजवा, वरणात मीठ नाही हे तिसऱ्या घासाला कळतंच. पहिल्या भागाला ऑस्करची नऊ नामांकनं होती, त्यात पटकथेचं एकही नव्हतं. मिळाली ती तीन, छायांकन, कलादिग्दर्शन आणि व्हिज्युअल इफेक्ट्स. माझ्या मते निकाल तिथेच लागला.

फ्रेमफ्रेम
डोळे सरावतात हे अगदी खरं. मी याच कामात आहे. सात वर्षं रोटो केलं, आता कम्पमध्ये, म्हणजे वेगवेगळे तुकडे जोडून एक दृश्य करायचं. रोटो म्हणजे माणसाची कड एकेका फ्रेमला हाताने आखायची, म्हणजे मग मागचं दृश्य बदलता येतं. सेकंदाला २४ फ्रेम, चार सेकंदांच्या शॉटला ९६. केस वाऱ्यावर उडत असले की आठवडा तिथेच गेला.

एका मोठ्या चित्रपटासाठी (नाव नको) रात्रपाळ्या करून एका बाईच्या पदराची कड मी अकरा दिवस आखली. पदर पातळ, मागून उजेड, प्रत्येक फ्रेमला त्याची चुणी वेगळी. शेवटी पापणी मिटली तरी तो पदर दिसायचा. आईला घेऊन थिएटरात गेलो. शॉट आला आणि गेला. विचारलं, "दिसला?" ती म्हणाली, "ती बाई कोण होती रे? तिचं पुढे काय झालं?" पुढे काहीच नव्हतं. ती परत आलीच नाही पडद्यावर. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बाईच लक्षात राहिली नाही तर तिचा पदर कोण बघणार?

कोरांटी
अकरा दिवस एका पदरावर! आता कुठल्याही चित्रपटात पदर उडताना दिसला की मी थांबून बघणार. नक्की.

कोयनाकाठ
गोष्ट बाळबोध आहे असं सगळे म्हणतात. आमच्या आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. आजी सांगायची ती गोष्टही एवढीच होती. साहेब आले, मोजणी झाली, 'हे आमचं आहे' म्हणून लोक सांगत राहिले, पाणी चढत राहिलं. संपली गोष्ट. त्यात गुंतागुंत कुठून आणू?

'अवतार'मध्ये ते घराचं झाड कोसळतं, राख उडत राहते, तेव्हा माझा चुलतभाऊ शेजारी होता. त्याच्या हातातला वडा तसाच राहिला. आमच्यातलं कोणीच घरी येईपर्यंत बोललं नाही.

आणखी एक. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. २०१० मध्ये तिथल्या डोंगरिया कोंध लोकांच्या वतीने अमेरिकेत जाहिरात देऊन थेट जेम्स कॅमेरूनला साद घातली गेली, की तुमच्या चित्रपटातलं आमच्याकडे खरोखर घडतंय. २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी एकामागून एक खाणीला नकार दिला. चित्रपटामुळे झालं असं नाही, लढा त्यांचा स्वतःचा होता. पण गोष्ट साधी होती म्हणूनच ती त्यांच्या डोंगराला लागू पडली असं मला वाटतं.

तांबडा रस्सा
अंगावर काटा आला. आजी आहेत का?

कोयनाकाठ
नाही, गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं जोतं दिसतं, ते बघायला न्या म्हणायची. दोनदा नेलं.

आबोली
मी जुन्यातलं सांगते. प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६चा. माझी आजी तो दूरदर्शनवर बघायची. गोष्ट तिला तोंडपाठ होती, अभंगही. तरी शेवटी गरुडाचं विमान उतरतं आणि जिजाई खाली राहते, तिथे दर वेळी हात जोडायची आणि पदराने डोळे टिपायची. आज ते विमान पाहून मुलं म्हणतील, पुठ्ठ्याचं आहे. असेलही. पण त्याआधी दीड-दोन तास तुम्ही जिजाईच्या संसारात राहिलेले असता. म्हणून ते उडतं.

मधली सुट्टी
आबोली, मला नेमकं हेच म्हणायचं होतं, तुम्ही नीट सांगितलंत.

फ्रेमफ्रेम
फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'मधली (१९१९) ट्रिक आजही आम्ही एकमेकांना दाखवतो. कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. काय धीट मुलगी!

पारिजात
मी वेगळंच सांगणार आहे. मला थ्रीडी दिसत नाही. डावा डोळा लहानपणापासून आळशी, लक्षात आलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. 'अवतार'ला ऑफिसातले बारा जण गेलो. सगळे मागे सरकत होते, हात पुढे करत होते, मी नुसता काळसर चष्मा लावून बसलेले. माझ्यापुरती तिथे फक्त गोष्ट होती, आणि मला कंटाळा आला. बाहेर येऊन 'भारी होता' म्हणाले. घरी आल्यावर रडले. हे कोणाला आजवर सांगितलं नव्हतं. कोरांटीच्या बाबांचा हात वाचला आणि लिहावंसं वाटलं.

तांबडा रस्सा
अगं, ये इकडे, मिठी मारते.

बाकडं
पारिजातताई, आमच्या कुडाळच्या बाजूक या, दशावतार दाखवतो. त्याला दोन डोळेही लागत नाहीत. एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. पेटी, पखवाज, झांज. आख्यान सगळ्यांना माहीत, तरी पहाटेपर्यंत माणूस हलत नाही. राजाचा मुकुट आणि रंगवलेला चेहरा ट्यूबलाइटखाली बघाल तर विसरणार नाही.

आबोली
पारिजात, माझ्या नातीला चौथ्या वर्षी हेच निघालं. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली आहे. फार रडते. तुम्हाला लावली होती का?

पारिजात
लावली होती, पण फार उशिरा. तुम्ही सोडू नका. पट्टीवर रोज नवं चित्र काढून द्या तिला, आणि पट्टी असताना काहीतरी बारीक काम, मणी ओवणं वगैरे. बाकी डॉक्टर सांगतील तसं.

आबोली
आजच मणी आणते.

पहिल्या रांगेतला
'बाहुबली' कोणी काढलाच नाही? जुलै २०१५, सोलापूर, पहिला आठवडा, रांगेत शर्टाची बटणं तुटली. दोन भाऊ आणि एक गादी, महाभारतापासून ऐकतोय. पण तो धबधबा! अतिरप्पिल्लीला जाऊन आलो त्यासाठी. खरा धबधबा पडद्यावरच्याएवढा उंच नाही, तरी खाली उभा राहिलो तेव्हा छाती भरून आली. आणि कटप्पाने का मारलं, हे विचारत आम्ही एप्रिल २०१७पर्यंत थांबलोच की. ती गोष्टच होती ना?

तांबडा रस्सा
तीन वेळा का पाहिला ते लिहायचं राहिलं. तेव्हा सासूबाई आजारी होत्या, दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या. मावशी बदलीला आली की मला तीन तास मिळायचे. त्या तीन तासांत मला डोकं चालवायचं नव्हतं, कोण कोणाचा कोण हे आठवायचं नव्हतं. नुसतं निळं-हिरवं डोळ्यांत घ्यायचं होतं. सोपी गोष्ट होती म्हणून मी टिकले. एवढंच.

कोरांटी
पारिजात, तुमचं वाचून सकाळपासून जीव लागत नाही, म्हणून एक लिहिते.

बाबांना आता दिसत नाही. काचबिंदू. दुसरा भाग २०२२ला आला तेव्हा ते म्हणाले, तू बघून ये आणि सांग. मी बघून आले, त्यांच्या पलंगाशी बसले आणि गोष्ट सांगितली. पाच मिनिटांत संपली. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं. आणि पाणी कसं होतं?"

मग मी पाणी सांगत बसले. वरून ऊन कसं तिरपं उतरत होतं, शेवाळ कसं हलत होतं, मुलगी पाण्यात उताणी पडून कशी वर बघत होती. त्यांनी विचारलं, "खऱ्या पाण्यात केलं का?" मी फोनवर शोधून वाचून दाखवलं, की नट खरोखरच टाकीत उतरले होते, वरचा उजेड आत येऊ नये म्हणून पाण्यावर पांढरे छोटे चेंडू पसरले होते, केट विन्स्लेटने सात मिनिटांहून जास्त श्वास धरला होता. बाबांनी तिथल्या तिथे श्वास धरून पाहिला. मी मोजत होते. अठ्ठावीस सेकंद.

मग म्हणाले, "बियांसारखं काही होतं का यात?"