नोकरी नव्हती, बेकारी भत्ताही घेतला नाही, तेव्हा टॅक्स आणि एनआयचं (ब्रिटनमधला नॅशनल इन्शुरन्स, ज्यावर सरकारी पेन्शन ठरते) काय झालं? अनुभव सांगा

चहाबाज: लेकीची पहिली पेस्लिप आली काल, एनआयच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणते हे कोण घेऊन जातंय? मला एकदम २००९ आठवलं. आम्ही इंग्लंडात स्लाऊला होतो, मंदीत माझी नोकरी गेली, नवऱ्याची शाबूत. जॉबसेंटरला (सरकारी रोजगार कार्यालय, भत्ता तिथेच मागायचा) जायचं तर घरातच सुरू, कमावता माणूस असताना सरकारपुढे हात कशाला पसरायचा. नाही गेले. चार आठवडे झाल्यावर पी४५ (नोकरी सुटल्याचा कागद) जोडून पी५० (टॅक्स परत मागायचा फॉर्म) भरला आणि कापलेला बराचसा टॅक्स परत आला! टॅक्सचा हिशोब वर्षाचा असतो ना. एनआय पगारागणिक, ते गेलं ते गेलं. भारत, जर्मनी, कुठल्याही देशातलं लिहा.

पश्चिमवारा: गेलं कुठे ताई, रेकॉर्डवर असतं की. पेन्शनसाठी वर्ष धरायला ५२ आठवडे नोकरी लागत नाही, वर्षाची कमाई ठरावीक आकड्यावर गेली की झालं (२०२४-२५ ला ६,३९६ पौंड). माझा जॉब नोव्हेंबरात गेला तरी ते वर्ष पूर्ण दिसतंय, पुढचं अख्खं कोरं. पैसे मिळणार नसले तरी क्रेडिटसाठी (एनआय न भरताही वर्ष धरलं जातं) जॉबसेंटरला नाव लावता येतं हे कोणी सांगतच नाही

उपवासाची_मिसळ: आम्ही ब्रिटनला असताना, २०१३ मध्ये पगार तेव्हाच्या ५० हजार पौंडांच्या मर्यादेवर गेला की चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) टॅक्समधून परत जायला लागला, म्हणून ओळखीतल्या बऱ्याच जणींनी फॉर्मच नाही भरला. मी भरला, पैसे नकोत असं लिहून. मूल १२ वर्षांचं होईपर्यंत घरी बसलेल्या आईला त्याच फॉर्मवर क्रेडिट मिळतं. बाकी नंतर लिहिते, पोळ्या राहिल्यात

चहाबाज: पण उपवासाला मिसळ?? 😄

उपवासाची_मिसळ: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर दाण्याची आमटी. या नाशिकला

कोथरूडकर: इथे भारतात जॉब गेला की पीएफमध्ये स्वतःहून रुपया टाकता येत नाही. पाच वर्षांच्या आत ५० हजारांवर काढला तर १० टक्के टीडीएस, म्हणून मी हात लावला नाही, तर नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर टॅक्स! पेन्शनला १० वर्षं सर्व्हिस लागते, माझी चार. सासऱ्यांना अजून जॉब गेल्याचं माहीत नाही, रोज लॅपटॉप घेऊन लायब्ररीत बसतो

श्रावणसर: अरे बापरे. काळजी घ्या दादा, रेझ्युमे पाठवा, विचारते आमच्याकडे. इथे जर्मनीत भत्ता नको म्हटलं तरी आरोग्यविमा सुटत नाही. मी नवऱ्याच्या सरकारी विम्यात फुकट बसले, मैत्रीण एकटी, कमाई शून्य तरी दर महिन्याला खिशातून भरायची.

नुसतीच_वाचक: कोरं वर्ष भरायला किती पडतं?

पश्चिमवारा: क्लास ३ (स्वतःहून भरायचा एनआय), २०२५-२६ चे आठवड्याला १७.७५, वर्षाचे ९२३ पौंड. त्याच वर्षीच्या दराने पेन्शन वर्षाला ३४२ पौंडांच्या आसपास वाढते, म्हणजे तीन वर्षांत वसूल. पण पुढे नोकरी करून पूर्ण पेन्शनची ३५ वर्षं आपसूक होणार असतील तर पैसे पाण्यात, आधी फोरकास्ट (किती पेन्शन मिळेल त्याचा अंदाज) बघा. सहाच वर्षं मागे जाता येतं, ताईंचं २००९ आता नाही व्हायचं

नुसतीच_वाचक: रात्री ह्यांना विचारते, माझं लॉगिन त्यांच्याकडेच आहे

उपवासाची_मिसळ: अगं पासवर्ड बदल आधी!!