हे फॅड नाहीये, खूप जुनं आहे
तृतीयपंथी आणि धर्म हे आजकालचं फॅड आहे असं वर कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते, म्हणजे देवीला वाहिलेले तृतीयपंथी, पिढ्यान्‌पिढ्या साडी नेसून, डोक्यावर जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेऊन, चौंडक्याच्या तालावर गाणी म्हणत जोगवा मागतायत, आणि तमिळनाडूत कूवागमला तर तृतीयपंथी अरावानाच्या, म्हणजे महाभारताच्या युद्धात बळी गेलेल्या अर्जुनाच्या मुलाच्या, नावाचं मंगळसूत्र बांधून घेतात आणि दुसऱ्या दिवशी तेच तोडून, बांगड्या फोडून, पांढरी साडी नेसून अक्षरशः हंबरडा फोडतात. तृतीयपंथी साधूंचा किन्नर आखाडा २०१५चा, म्हणजे नवीन, हे मान्य. पण मला खरा त्रास याचा होतो की जोगत्याच्या पाया पडून कपाळाला भंडारा लावून घेणारे लोकच त्याला भाड्याने खोली द्यायला तयार नसतात.