स्ट्रक्चरल सोडून बाकीचं सिव्हिल म्हणजे फुकट?

गोकाकचा अभियंता: नवीन पास झालेल्या पोरांनो, ईटॅब्स आणि स्टॅड ही इमारतीच्या सांगाड्याचं गणित करणारी सॉफ्टवेअर शिका, स्ट्रक्चरल धरा. जिओटेक (माती आणि पायाचा अभ्यास) म्हणजे माती उकरणं, त्यात भविष्य नाही.

हिंडलगेकर: वाचून संताप झाला. फुटिंग (खांबाखालचा पाया) काढताना एसबीसीच्या (माती किती भार सुरक्षितपणे पेलते त्याच्या) जागी डोळे झाकून 200 लिहिता, तो आकडा येतो कुठून? खानापूरला जांभा लागतो, सौंदत्तीला काळी माती. एकच फुटिंग दोन्हीकडे कसं चालेल? एसपीटी या मातीचा कठीणपणा मोजणाऱ्या चाचणीत 63.5 किलोचा हातोडा 75 सेंमीवरून पडतो. नळी जमिनीत जाताना पहिले 15 सेंमी सोडून पुढच्या 30 सेंमीचे घाव मोजायचे. फ्री स्वेलला, म्हणजे माती किती फुगते ते बघायला, 425 मायक्रॉनमधून चाळलेली, वाळवलेली माती 10-10 ग्रॅम घ्यायची, एक पाण्यात, एक रॉकेलमध्ये, 24 तास. हे समजणारा माणूस प्रत्येक पुलाला, बोगद्याला लागतो.

साईटवाला: घरमालक या चाचण्यांचे पैसे देणार आहे का? पाच फूट खणा, मुरूम भरा, पीसीसी (सळ्यांशिवायचं काँक्रीट) टाका. झालं.

हिंडलगेकर: झालं कुठं? उन्हाळ्यात कडेची काळी माती आकसते, घराखालची ओलीच राहते. पावसात कडा फुगतात. मग दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा पडतात. मुरूम थराथरानं पाणी मारून दाबला नाही तर तोच पाणी साठवतो. अंडररीम पाइल (खाली बल्बसारखा फुगीर केलेला काँक्रीटचा खोल खांब) घाला. खोली किमान 3.5 मीटर, बल्बचा व्यास दांड्याच्या अडीचपट.

बैलहोंगलकर: अंडररीम कागदावर सुंदर! बल्बमधला गाळ काढत नाहीत, पाणी लागलं की बेंटोनाइट (खड्ड्याची बाजू धरून ठेवणारा मातीचा घोळ) नसल्यानं बाजू ढासळते. वर ग्रेड बीम (पाइलांना जोडणारी तुळई) थेट मातीवर ओततात. खाली 80 मिमी पोकळी नसेल तर फुगणारी माती बीमच वर ढकलते. आधी हे बघा!

साईटवाला: पोकळीचं बरोबर आहे. मुरमावर मात्र मी ठाम आहे.

गोकाकचा अभियंता: पोरांनी काय करायचं ते राहिलंच की! सरकारी नोकरी म्हटलं तर केपीएससीला (कर्नाटक लोकसेवा आयोगाला) कन्नडची परीक्षा. मराठी शाळेतली पोरं तिथंच अडकतात.

बैलहोंगलकर: तक्रार खरी आहे, पण मिस्त्री आणि गवंडीही कन्नडच बोलतात. शिकावंच लागतं.

गोकाकचा अभियंता: हिंडलगेकर, एसबीसीचं मान्य करतो, नाइलाजानं. तरी जिओटेकला एम.टेक. लागतं, ड्रॉइंगचं काम बी.ई.वर मिळतं.

हिंडलगेकर: मिळतं, पण खांबाच्या सळ्यांभोवतीच्या रिंगचा हुक 135 अंशात का वळवायचा ते विचारलं की निम्मे गप्प बसतात. जिओटेकवाल्यानं आधी लॅबमध्ये दोन वर्षं नमुने काढावेत, मग एम.टेक. करावं.

साईटवाला: हे पटलं. मुरमाचं नाही.